घाट उजेडात बघा

कर्जत, रविवार

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या युरोपच्या सहलीचा तक्ता मिळाला. मोबाइलवर एवढ्या चौकटी नीट दिसत नाहीत म्हणून नाक्यावरून प्रिंट काढून आणली. दोन दिवस तो कागद माझ्या उशाशी आहे. मी त्यावर गाड्यांच्या खुणा केल्यात आणि तुझ्या आईने तुमची जेवणं कुठे पडतात ते पेन्सिलने लिहिलंय. चौघी मैत्रिणी मिळून निघताय, स्वतःच्या शिष्यवृत्तीतून पैसे साठवून निघताय, याचा आम्हा दोघांना फार आनंद झाला. जाच. पण तक्त्याबद्दल मला बोलायचं आहे.

नऊ दिवस आणि सात शहरं. प्राग, बुडापेस्ट, ल्युब्लियाना, व्हिएन्ना, व्हेनिस, मिलान, झुरिक, मग परत जर्मनीत, ड्रेस्डेनला. म्हणजे जवळजवळ रोज सामान भरायचं, रोज नवीन स्टेशन, रोज नवीन मुक्काम शोधायचा. सकाळी अकराला खोली सोडायची आणि पुढच्या गावी दुपारी तीनपर्यंत खोली मिळायची नाही, तोवर बॅगा ठेवायला लॉकर शोधत फिरायचं. शिवाय हॉटेलचे पैसे वाचतात म्हणून तीन प्रवास रात्रीचे ठेवलेत. त्यातला एक व्हिएन्ना ते व्हेनिस. तो तुम्ही रात्री करू नका, हे सांगायलाच मी पत्र लिहायला बसलो.

व्हिएन्नाहून दक्षिणेला निघालेली गाडी तासाभरात एक घाट चढते. सेमरिंग त्याचं नाव. ग्लोग्निट्झ ते म्युर्त्सत्सुश्लाग, 41 किलोमीटर. 1848 मध्ये काम सुरू झालं आणि 1854 मध्ये गाडी धावली. डोंगरातून असा मोठा रेल्वेमार्ग जगात आधी कुणी बांधला नव्हता. चौदा बोगदे, सोळा मोठे पूल. गंमत म्हणजे मार्ग आखला तेव्हा तो चढ चढू शकेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. बांधणाऱ्या इंजिनिअरने, कार्ल फोन गेगाने, आधी रूळ टाकायला घेतले आणि 1851 मध्ये तिथेच इंजिनांची स्पर्धा भरवली गेली. तो गेगा जन्मला व्हेनिसला. तुम्ही व्हेनिसच्याच गाडीत बसून त्याचा घाट चढणार आहात. असा योग झोपेत घालवायचा का?

आपल्या बोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये संपलं. म्हणजे तिकडचा घाट सुरू झाला आणि दोन वर्षांत इकडे सह्याद्रीला सुरुंग लागले. तिकडे साथीच्या रोगांनी शेकडो मजूर गेले, इकडे कॉलरा आणि अपघातांत हजारो गेले. इकडे तरी या माणसांची नावं मला कुठे कोरलेली दिसली नाहीत. मी सत्तावीस वर्षं कर्जत-लोणावळा बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, काढली तेव्हा ती माणसं रोज आठवायची असं नाही. पण पावसात पळसदरी सोडून गाडी चढाला लागली आणि सदतीस फुटांना एक फूट असा चढ इंजिनाच्या आवाजातून पायाखाली जाणवला, की हा दगड कुणीतरी हाताने फोडलाय हे मनात यायचंच.

तू लहानपणी विचारायचीस, बाबा, गाडीला मागून इंजिन कशाला? तू फलाटावर आईचं बोट धरून उभी असायचीस आणि मी मागच्या इंजिनातून हात करायचो. पुढचं ओढतं, मागचं ढकलतं, आणि मधल्या माणसांना वडा खाता खाता कळतही नाही की आपण डोंगर चढतोय. मागच्या ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. समोर फक्त शेवटच्या डब्याची पाठ. सगळं काम कानाने आणि शिट्टीच्या खुणेने. म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी घाट खिडकीत बसून, उजेडात, निवांत बघायचा ही माझी फार जुनी इच्छा आहे. ती तू पुरी कर.

आणखी एक कारण आहे, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. 1986 मध्ये आम्ही चौघं मित्र पहिल्यांदा गोव्याला गेलो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मिरजेपर्यंत मोठी गाडी, तिथे उतरून मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसायचं आणि लोंढा, कॅसलरॉक करत खाली वास्कोला. सगळा बेत दूधसागरसाठी होता. पण आम्ही हावरटपणा केला. कोल्हापूर, पन्हाळा, नरसोबाची वाडी, सगळं दोन दिवसांत उरकलं, ठरलेली गाडी चुकली आणि मिळाली ती रात्रीची. दूधसागर आला तेव्हा मिट्ट काळोख. पाण्याचा आवाज एवढा मोठा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. खिडकीतून तुषार आले, माझी बाही ओली झाली, पण दिसलं काही नाही. तिघं झोपले होते, मी एकटा जागा. चाळीस वर्षं होत आली, ती ओली बाही मला अजून आठवते.

म्हणून तक्त्यातली चार शहरं मी खोडलीत. रागावू नकोस. प्राग दोन रात्री, व्हिएन्ना तीन, व्हेनिस दोन, परतताना ब्रेनरच्या खिंडीतून इन्सब्रुकवरून म्युनिक एक रात्र आणि मग घर. बुडापेस्ट व्हिएन्नाहून तीन तासांच्या आत आहे, ती कधीही एका शनिवार-रविवारची सहल होईल. व्हिएन्नातला एक दिवस सेमरिंगसाठी ठेवा. स्टेशनवर उतरलं की गेगाचं स्मारक आहे आणि तिथून रुळांच्या कडेकडेने डोंगरातून पायवाट जाते. त्या वाटेवर एका जागेला लोक ‘वीस शिलिंगचा देखावा’ म्हणतात, कारण समोरचं दृश्य ऑस्ट्रियाच्या जुन्या वीस शिलिंगच्या नोटेवर छापलेलं होतं. खाली काल्टे रिन्ने नावाचा दुमजली कमानींचा पूल आहे, 46 मीटर उंच. त्यावरून गाडी जाईपर्यंत थांबा. या डोंगराखालून 27 किलोमीटरचा नवा बोगदा बांधतायत. तो झाला की लांबच्या गाड्या बोगद्यातून जातील. म्हणून म्हणतो, आत्ताच बघा.

व्हिएन्नात पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाला येणारं बरंचसं पाणी त्याच सेमरिंगजवळच्या डोंगरांतल्या झऱ्यांचं आहे, 1873 पासून.

आता तिकिटांचं. तू जर्मनीत राहतेस, म्हणून तुला युरोपातल्या अनेक देशांत चालणारा इंटररेल पास लागू आहे. युरेल हा बाहेरून येणाऱ्यांसाठी. सत्तावीस वर्षांपर्यंत युवा सवलत मिळते. पण जिथे राहतो त्या देशात तो पास एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायलाच चालतो, हे मैत्रिणींना सांग. आता तुमचे प्रवास मोजून पाच. तेवढ्यासाठी पास परवडतो का, की लवकर काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात, हे कागदावर मांडून बघा. पास असला तरी काही गाड्यांत जागेचे पैसे वेगळे भरावे लागतात, रात्रीच्या गाडीत तर हमखास. तुझं महिन्याचं जर्मनीचं तिकीट लांबच्या गाड्यांत चालत नाही, त्याच्या भरवशावर प्रागच्या गाडीत चढू नकोस.

गाडी बदलायची असेल तिथे निदान पाऊण तास हातात ठेवा आणि शक्यतो पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट घ्या. तसं असलं की पहिली गाडी उशिरा आल्याने पुढची चुकली तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची राहते, आणि पोचायला एक तास उशीर झाला तर पाव, दोन तास झाला तर निम्मे पैसे परत मागता येतात. युरोपचा तसा नियमच आहे.

फलाटावर गाडीचं नाव बघून चढायचं नाही, डबा बघून चढायचं. तिकडे कधी कधी एकच गाडी वाटेत दोन होते आणि पुढचे डबे एका गावी, मागचे दुसऱ्या गावी जातात. डब्याच्या दारापाशी शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. शिवाय नावं तिथल्या भाषेत असतात: व्हिएन्नाचं वीन, प्रागचं प्राहा, व्हेनिसचं व्हेनेत्सिया. व्हेनिसची दोन मोठी स्टेशनं आहेत. मेस्त्रे जमिनीवरचं आणि सांता लुचिया बेटावरचं. मुक्काम कुठे आहे ते बघून उतरा. मेस्त्रेला राहिलात तरी एकदा गाडीने पुढे जा, कारण मधे समुद्रावरचा साडेतीन किलोमीटरचा पूल आहे, 1846 चा.

पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही अस्सल, अंगावर ठेवायचं, बॅगेत नाही. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केलीय, परतताना गाडीत पोलिस चढू शकतात. चेक देशात युरो नाही, कोरुना आहे. कार्डाच्या यंत्राने ‘युरोत घेऊ का’ असं विचारलं तर नको म्हणायचं, कोरुनाच निवडायचा. कॉन्ट्री पहिल्याच दिवशी काढा आणि हिशेब एकीकडेच राहू दे. चेन्नईची मुलगी शाकाहारी आहे म्हणालीस, तर जेवायची जागा तिला विचारून ठरवा, तिला रोज चिप्सवर ठेवू नका.

एक नियम मात्र चौघींनी निघण्याआधी म्हणून घ्या. कुणी मागे राहिली तर तिने जिथे आहे तिथेच थांबायचं, तिच्याकडे बाकीच्या परत येतील. त्या गोव्याच्या प्रवासात परतताना आमचा एक मित्र लोंढ्याला चहाला उतरला आणि गाडी सुटली. त्याने दुसरी गाडी धरली, आम्ही त्याला शोधायला उलटे आलो आणि मधेच एकमेकांना ओलांडून गेलो. अर्धा दिवस कुणालाच कुणाचा पत्ता नाही. तुमच्याकडे फोन आहेत, पण फोनची बॅटरीही संपते.

ड्रेस्डेनहून प्रागला जाताना गाडीच्या तोंडाकडे तोंड करून डाव्या खिडकीत बसा. मी नकाशावर बोट फिरवून बघितलंय, एल्बे नदी आणि खडकांचे सुळके त्या बाजूला येतात. सेमरिंगला कुठलीही खिडकी चालेल. पायरबाखला मार्ग घोड्याच्या नालेच्या आकारात वळतो, दरी एकदा इकडे, एकदा तिकडे.

आई मेतकूट आणि लसणीची चटणी पाठवतेय, पार्सल तुम्ही निघण्याआधी पोचेल. चटणीचा डबा गाडीत उघडू नका, वास सगळ्या डब्यात पसरतो.

ज्या दिवशी व्हेनिसला निघाल त्या दिवशी गाडीची वेळ कळव. घाटमाथ्यावरचा बोगदा पार झाला की फोन कर. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड. त्या दिवशी मी लवकर जेवून स्टेशनवर जाऊन बसेन, बँकर लागतात त्या टोकाला.

तुझा,
बाबा