पेनांगहून, गुडघ्यांच्या हिशेबाने

जॉर्जटाउन, पेनांग, मलेशिया

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "तिथे एवढी गर्दी, आम्ही म्हातारे येऊन काय करणार," असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हापासून मी हे गाव तुमच्या गुडघ्यांच्या हिशेबाने हिंडते आहे.

हवेचं आधी सांगते. मुंबईचा मे अखेरचा उकाडा, पण बारा महिने. सकाळीच कुर्ता पाठीला चिकटतो. दुपारी बऱ्याचदा आभाळ फुटतं, आणि पाऊस थांबला की रस्त्यातून वाफा निघतात. गिरगावात जन्म काढलेल्यांना मी घामाचं काय सांगणार!

जुन्या गल्ल्यांत खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि दुकानांपुढून छपराखाली जाणारी पाचफुटी पडवी. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. पण खरं सांगते, ती सलग नाही. एकाची फरशी वर, दुसऱ्याची खाली, मध्येच कुणाची मोटारसायकल, कुणाची खुर्च्या-टेबलं. मग उघड्या गटारावरून रस्त्यावर उतरायचं. तेव्हा बाबा, काठी आणावीच लागेल, लाजायचं नाही.

एक रस्ता मात्र तुमच्यासाठीच आहे. १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, पुढे क्वान यिन देवीचं चिनी देऊळ, तिथल्या उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात. मग १८३३ चं मारियम्मनचं देऊळ (त्याचं गोपुर मागच्या क्वीन स्ट्रीटवर, इकडून नुसती पाठ दिसते) आणि शेवटी कपितान केलिंग मशीद. रमतगमत गेलात तरी अर्ध्या तासात होईल.

२००८ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा ठरवलं, त्यामुळे घरांचे दर्शनी भाग टिकलेत. आतली माणसं मात्र बरीच गेली. जुनं भाडेनियंत्रण २००० साली उठलं, भाडी वाढली आणि पिढ्यान् पिढ्यांचे भाडेकरू बाहेर पडले. आता तिथे कॅफे आहेत. पागडीवर तावातावाने बोलणारा माणूस या रंगवलेल्या भिंतींपुढे फोटो काढत बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दुकानदारांना भाडं विचारत सुटाल.

आई, तुझं काम लक्साशी. आसाम लक्सा म्हणजे बांगड्याचं आंबट-तिखट कालवण, त्यात तांदळाच्या जाड शेवया. बांगडा अगदी आपलाच! शिजवून, काटे काढून, रश्श्यातच कुस्करतात. आंबटपणाला चिंच, शिवाय आमसुलाच्याच कुळातल्या एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. वरून पुदिना, काकडी, अननस आणि काळी, दाट कोळंबीची चटणी. अननसाला तू नाक मुरडशील. मीही मुरडलं होतं, आता मागून घेते. गाडीवाल्या मावशींना कृती विचारली तर हसल्या आणि आणखी रस्सा वाढला.

आणि हो, इथे जायफळाच्या फळाच्या गराचं सरबत मिळतं. बाबांनी दोन घोट तरी घ्यावेत.

मुक्कामाला तळमजल्यावरची खोली बघितली आहे. संडास कमोडचा आहे, बसून पाहिला. बाबांचा पासपोर्ट संपत आला असेल, कपाटातल्या निळ्या फायलीत बघा आणि तारीख मला फोनवर कळवा.

तुमची,
धाकटी