पुडीतलं निळं फूल

यवतेश्वर, सातारा
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट येऊन तीन आठवडे झाले. पोच तेव्हाच द्यायला हवी होती, पण आतल्या पुडीचं काय करायचं ते ठरेना आणि ते ठरल्याशिवाय लिहायला हात उचलेना. काल रात्री ठरलं.

पुडी उघडली तेव्हा आई शेजारीच तांदूळ निवडत होती. कसलं बी, म्हणाली. मी सांगितलं, निकँड्रा, इंग्रजीत ‘ॲपल ऑफ पेरू’. तिनं त्यातला पेरू तेवढा ऐकला. ‘पेरूचं बी असं नसतं रे.’ मग पेरू नावाचा देश सांगितला, तुझा फोटो दाखवला. फिकं जांभळट निळं फूल, आत पांढरं, आणि फांदीला खाली लोंबणारे हिरवे कागदी कंदील. बराच वेळ बघून म्हणाली, ‘ही तर चिरबोटीची थोरली बहीण.’ तिनं अचूक ओळखलं. शास्त्रीय नावातल्या ‘फायसॅलोडीस’चा अर्थच चिरबोटीसारखं दिसणारं. टोमॅटो, वांगं, धोतरा यांच्याच कुळातलं हे, आणि एका पावसाळ्यातच उरकणारं, वर्षायू.

तू लिहिलंस की कुन्नूरला तुमच्या वाफ्याकडेला ते आपोआप उगवलं आणि त्या वर्षी टोमॅटोवर पांढरी माशी फिरकली नाही. हे वाचून मला किती मोह झाला असेल ते तूच समज. गेल्या उन्हाळ्यात माझी भेंडी याच माशीनं आणलेल्या केवडा रोगानं पिवळी पडून गेली, टोमॅटोची पानं मूठ आवळल्यासारखी झाली. पिवळे चिकट सापळे लावले, निंबोळी अर्क फवारला, तरी हाती फार काही लागलं नाही. म्हणून या झाडाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. याच्या पानांत नायकॅन्ड्रेनोन नावाचं द्रव्य असतं आणि पान कुरतडणाऱ्या किड्यांना ते नकोसं होतं, इथवर खरं आहे. पण नुसतं शेजारी उभं राहून ते पांढऱ्या माशीला पळवतं, याला मला कुठे भक्कम आधार सापडला नाही. उलट ब्राझीलमध्ये टोमॅटोवर माशीनं पसरणारे विषाणू याच झाडात मुक्काम करताना आढळले आहेत. म्हणजे राखणीला लावायचं आणि कुंपणानंच शेत खायचं.

तरी मी पुडी बाजूला टाकली नाही, कारण खरं सांगू, माशीसाठी नाही, त्या फुलासाठी मला ते लावायचं होतं. दिवसातून काही तासच उघडतं म्हणे. तेरड्याचा रंग तीन दिवस तरी टिकतो.

म्हणून वीस बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या, वाटीत ठेवल्या. पंधरा दिवसांत चौदा उगवल्या. सहा तशाच, टणक, ना कुजल्या ना फुगल्या. त्या सहा बियांनी मला थांबवलं.

वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांचं नाव तुला ठाऊक आहेच, केरळातल्या थलश्शेरीच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या इंग्लंडात जॉन इनिस संस्थेत काम करत होत्या. तिथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी डार्लिंग्टन यांनी नेमक्या याच झाडाचा अभ्यास केला आणि १९४५ साली तो छापला. एकाच झाडाच्या बियांत दोन तऱ्हा निघतात. बहुतेकांत २० गुणसूत्रं, ती वेळेवर रुजतात. काहींत एक कमी, १९, आणि ती फार उशिरा. म्हणजे हे झाड आपलं थोडं बी दरवर्षी मातीत मागे ठेवतं, पुढच्या कधीच्या तरी पावसासाठी. माझ्या वाटीतल्या सहाही तशाच होत्या का, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येणार नाही. पण त्या सहांकडे बघताना मला कळलं की मी एका पावसाळ्याचा विचार करत होतो आणि झाड तसा करत नाही. मी चौसष्टचा. वरच्या वाफ्यात आज टाकलेलं बी माझ्या नातवाच्या हाताखाली उगवेल, आणि ते कुणी आणलं हे सांगायला मी नसेन.

आपला ओढा तुला आठवतो ना? घराच्या मागून उतरतो, आणि वरच्या अंगाला कासकडे जाणारा सडा. तिथल्या दोन बोटं मातीत जे उगवतं त्यातलं काही जगात इतरत्र क्वचितच. हे बाहेरचं बी तिथे पोचलं तर काय, असं आईला विचारलं तर ती काँग्रेस गवताचंच बोलते. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं ते गवत तिच्या डोळ्यांदेखत बांधाबांधावर आलं, तेव्हा कुणीच त्याला घाबरलं नव्हतं. तेही वर्षायूच. आता पुण्याकडच्या टेकड्यांवर पिवळा कॉसमॉस पसरलाय आणि लोक सोनकी समजून त्याचे फोटो काढतात, ते बघून मला फार वाईट वाटतं.

तू म्हणशील, मिरचीही तिकडचीच, बटाटाही. खरं आहे. पण मिरचीला आपण लागतो. चार वर्षं लावली नाही तर ती अंगणातून निघून जाते. याला आपण लागत नाही.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जड वाटलं. वाडीतली पोरं चिरबोट्या तोडून खातात, आपणही खायचो. हे फळ तसंच कागदात गुंडाळलेलं, आणि झाड विषारी. तिकडे चीनमध्ये सिचुआनात याचं बी कापडात बांधून पाण्यात चोळतात, चुन्याची निवळी घालून थिजवतात आणि गुळाच्या पाकासारख्या पाकात गार खातात, हे वाचून मला फार नवल वाटलं. पण ते त्यांचं पिढ्यांचं ज्ञान. आपल्या पोरांना कंदील तेवढा ओळखीचा.

तेव्हा विनू, लावत नाही. कुंडीतही नाही. श्रावणात मी मुलीकडे जातो, मागे कंदील वाळले तर कोण खुडणार? चौदा रोपं, सहा बिया आणि पुडीतलं उरलेलं सगळं काल चुलीत घातलं. जिवावर आलं. तू एवढ्या प्रेमानं पाठवलेलं, म्हणून हे लपवून न ठेवता लिहितोय. तुझ्या वाफ्याकडेचं उपट असं मी सांगत नाही, पण कंदील हिरवे असतानाच खुडून जाळत जा. तुमच्याही मागे शोलाचं, निलगिरीच्या दऱ्यांतलं मूळचं रान आहे.

आईला मात्र ते फूल उमललेलं बघायचंय. तुझ्याकडे बहर आला की दुपारी व्हिडिओ कॉल कर, सकाळी नको, सकाळी मिटलेलंच दिसेल. त्या दिवशी ती जेवण लवकर उरकून बसेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू