क्रॉस स्टिचच्या किटवर टाक्यांची संख्या छापा

संपादक महाशय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदांवर लेख होता. मुलांना क्रॉस स्टिचचं, म्हणजे चौकडीच्या कापडावर फुलीचे टाके घालून चित्र भरायचं, एखादं किट आणून द्यावं, असं त्यात सुचवलं होतं. सूचना चांगलीच आहे, पण कुठलं किट आणावं याबद्दल लेखात अवाक्षर नव्हतं आणि खरी गोची तिथेच आहे. सांगलीत माझं भरतकामाच्या साहित्याचं दुकान आहे. किट्स मीही विकते, त्यामुळे माझं म्हणणं थोडं धंद्याच्या अंगाने येणार, हे आधीच सांगून टाकते.

मध्यंतरी एक बाई सातवीतल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. मोबाइलवरून मागवलेलं राधाकृष्णाचं किट सोबत होतं. डब्यावर एवढंच : ‘40 × 50 सेंमी’ आणि ‘नवशिक्यांसाठी’. आत साठच्या आसपास रंगांचे दोरे, सगळे एकाच पुठ्ठ्याला अडकवलेले, नंबर कशालाच नाही. पोरीने कोपऱ्यात दोन बोटं जागा भरली होती आणि सोडून दिलं होतं. आईचं म्हणणं, हिला चिकाटीच नाही. मी पट्टी ठेवून कापडाची घरं मोजली. इंचाला 14 भरली. म्हणजे रुंदीला सुमारे 220 टाके, उंचीला 275. गुणाकार केला तर साठ हजारांच्या वर जातो. सरावलेला हातही तासाला शंभर-सव्वाशे टाके घालतो. रोज तासभर बसलं तरी दीड वर्ष गेलं. चिकाटी कुणाची काढायची?

हेच चित्र त्याच मापात 11 च्या, म्हणजे इंचाला 11 घरं असलेल्या, कापडावर असतं, तर टाके साडेसदतीस हजारांच्या आसपास भरले असते. नुसत्या कापडाने एवढा फरक पडतो आणि डब्यावर तोच आकडा नसतो. शिवाय 40 × 50 हे माप कापडाचं की चित्राचं, तेही कळत नाही. चित्राचं असेल तर फ्रेमसाठी चारी बाजूंना दोन-तीन इंच कापड जादा हवं. कापडाचं असेल, तर चित्र त्याहून लहान येणार.

रंगांची संख्या तर आकारापेक्षाही महत्त्वाची. हल्ली फोटो कॉम्प्युटरमध्ये घालून चार्ट, म्हणजे कुठल्या घरात कुठला रंग भरायचा याचा नकाशा, काढतात. त्यात गालावर, शेल्यावर सात-आठ छटांचे सुटे टाके साबुदाणा सांडावा तसे विखुरलेले असतात. एक टाका घाला, दोरा बदला, पुन्हा एक टाका. पूर्वी रुखवतासाठी मुली मॅटीवर पोपट, कमळं, वेलबुट्टी भरायच्या, ते चार-पाच रंगांत भागायचं आणि लांबून उठूनही दिसायचं. माझं मत विचाराल तर फोटोवरून केलेली ही कामं पूर्ण झाल्यावरही फोटोसारखी दिसत नाहीत आणि भरतकामासारखीही नाहीत.

पहिलं किट घ्यायचं तर 60 × 60 टाक्यांच्या आतलं, आठ-दहा रंगांचं आणि 14 च्या कापडाचं घ्यावं. चित्र सव्वाचार इंचांचं होतं. या कापडाला सहापदरी दोऱ्यातले दोन पदर लागतात, 11 च्याला तीन. सुई बोथट टोकाची, 24 नंबरची. डोळे अधू असतील तर 16 आणि 18 च्या बारीक घरांच्या कापडाच्या वाटेला जाऊ नये. कापडावरच खुणा छापलेलं किट मोजदाद वाचवतं हे खरं, पण ती शाई धुतल्यावर जाते की नाही ते आधी विचारा, आणि धुण्यापूर्वी इस्त्री फिरवू नका. खुणा कायमच्या बसण्याची भीती असते.

दोऱ्याचा नंबर हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. डीएमसी 310 किंवा अँकर 403 असं दोऱ्याच्या कंपनीचं नाव आणि रंगाचा नंबर लिहिलेला असेल, तर शेवटी काळा दोरा संपला तरी आठ मीटरची लडी आणून काम पुरं करता येतं. नंबर नसेल तर फिका गुलाबी कुठल्या फिक्या गुलाबीशी जुळवायचा? असे तुकडे हातात घेऊन उन्हात उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आवेष्टित वस्तूंसाठी 2011 चे वैधमापनशास्त्राचे नियम आहेत. त्यानुसार उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, प्रमाण छापावं लागतं. इथे प्रमाण म्हणजे ‘1 नग’. नियम पाळला गेला, गिऱ्हाइकाला काय कळलं? कापडाचा काउंट (इंचाला किती घरं), टाके किती बाय किती, रंग किती, दोऱ्याचे नंबर आणि खुणा छापील की मोजून भरायचं, एवढं तरी किटवाल्यांनी छापावं आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनी ते फोटोखाली लिहावं. डब्याच्या एका बाजूवर सहज मावेल.

माझ्या दुकानातल्या डब्यांवर मी आता टाक्यांचा आकडा चिठ्ठीवर लिहून चिकटवते. मोठे डबे त्यामुळे कमी खपतात.

– एक दुकानदार वाचक, सांगली