ड्राफ्टिंगची मुभा असलेली पहिली ट्रायथलॉन

क्लेरमाँट, फ्लोरिडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्या सायकलीच्या आडोशाने जायला, मुभा असलेल्या शर्यतीत वेगळे असे काय असते आणि तुझी टीटी बाइक, म्हणजे एकट्याने वेगात जायची टाइम ट्रायल सायकल, तिथे चालेल का, असे दोन प्रश्न तू मागच्या पत्रात विचारले होतेस. इथल्या स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे यांच्या आखूड शर्यतीत, नुकताच उतरलो, तेव्हा आता उत्तर द्यायला हरकत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: चालणार नाही. खाली वळलेल्या हँडलची साधी रोड बाइकच लागते, आणि २०२३ पासून वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांनी त्यावर बसवायचे आखूड एरोबारही, म्हणजे पुढे वाकून हात टेकवायचे दांडेही, बाद केले आहेत. गटात जाताना हात ब्रेकपाशीच असले पाहिजेत, हे त्यामागचे साधे कारण.

गोव्याच्या ७०.३ या ड्राफ्टिंगला बंदी असलेल्या लांब ट्रायथलॉनमध्ये तू पुढच्या सायकलीपासून १२ मीटरचे अंतर पाळलेस आणि ९० किलोमीटर आपल्याच लयीत कापलेस. इथे मात्र पुढच्याच्या मागच्या चाकाला जेमतेम हातभर अंतरावरून चिकटून जायचे असते. सपाट रस्त्यावर वेग ताशी ३५-४० किलोमीटरवर गेला की आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. ताशी ३६ वरून ४० वर जायचे तर हवेपुरती सुमारे एक तृतीयांशाहून अधिक शक्ती जास्त लागते. कुणाच्या तरी मागे नीट बसले की यातला मोठा वाटा वाचतो, आणि म्हणून एकटा बलवान सायकलपटू पाचसहा साधारण सायकलपटूंच्या गटापुढे टिकत नाही.

यातून जे निघते ते मला कागदावर माहीत होते, पण त्याचे वजन शर्यतीतच कळले: सायकलीचा निकाल बराचसा पाण्यातच लागतो. पोहण्याचे ७५० मीटर संपताना गटाच्या मागे दहा सेकंद पडलेला माणूस त्या दहा सेकंदांसाठी पुढचे २० किलोमीटर वाऱ्याशी एकटा झुंजत राहतो, आणि गट त्याच्यापासून दूरच जातो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पाण्यातून आधी निघालेल्या गटाने सायकलीवर एकजूट ठेवली, मागच्यांना शेवटपर्यंत जवळ येऊ दिले नाही, आणि ब्रिटनच्या ब्राउनली बंधूंनी सुवर्ण व रौप्य नेले. त्यामुळे तू आता पोहण्याचा सराव करशील तेव्हा शेवटचे शंभर मीटर दमछाक होईल इतक्या जोरात पोहून, लगेच पाण्याबाहेर येऊन पळण्याची सवय लाव. लांब शर्यतीत आपण तिथे श्वास सावरतो. इथे ती चैन परवडत नाही.

तीच गोष्ट ट्रान्झिशनची, म्हणजे पोहणे संपवून सायकलीवर जाण्याच्या टप्प्याची. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, हे तुला माहीतच आहे. पण बूट पेडलवर आधीच अडकवून ते रबरबँडने आडवे धरून ठेवायचे, अनवाणी पळत जाऊन माउंट लाइन, म्हणजे सायकलीवर चढायची रेषा, ओलांडल्यावर धावत्या सायकलीवर बसायचे आणि पाय बुटात नंतर, गट पकडल्यावर सरकवायचे, हे मात्र रिकाम्या मैदानावर पुन्हापुन्हा करून अंगात मुरवावे लागते. त्या रेषेशी घाई नको: लंडनला २०१२ मध्ये जोनाथन ब्राउनली रेषेआधीच सायकलीवर चढला म्हणून त्याला १५ सेकंद दंड म्हणून थांबावे लागले, तरी त्याने कांस्य मिळवले हा त्याच्या पायांचा मोठेपणा.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे वळणे. शंकूला वळसा घालून परत फिरायचे असले की सगळा गट ब्रेक दाबतो; पुढचा सावकाश वळून निघून जातो, पण शेवटच्याला अधिक थांबावे लागते आणि नंतर उभे राहून सगळी ताकद लावत अंतर भरून काढावे लागते. सिग्नल हिरवा झाल्यावर रांगेतली शेवटची गाडी उशिरा हलते, तसाच हा प्रकार, फक्त इथे प्रत्येक फेरीत तोच धक्का पायांना बसतो. म्हणून वळणाआधी दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर सरकायचे, आतल्या बाजूने घुसायचे नाही आणि आपली रेषा सोडायची नाही. नजर पुढच्या चाकावर खिळवू नकोस; त्याच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता पाहा. पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला अडकले की तो जरासा हलला तरी पडतो तो आपणच.

आघाडीवर आलास तर थोडा वेळ समान जोराने ओढायचे, मग कोपर हलवून मागच्याला खूण करून बाजूला व्हायचे. जोशात वेग वाढवला तर गट फुटतो आणि मागचे चिडतात. आमच्या गटात एकजण एकदाही पुढे आला नाही. नियमात ते बसते, आणि पाय राखून धावणाऱ्याला ते शहाणपणाचेही असेल. पण इतरांनी वळणानंतर त्याला झटके देऊन मागे टाकायचा प्रयत्न केला, तोही त्यांचा हक्कच. स्पर्धक असूनही काम वाटून घेणे, हे दुर्मीळ राजकारण मला फार आवडले. स्त्री-पुरुषांनी एकमेकांचे ड्राफ्टिंग करायचे नसते, एवढे लक्षात ठेव.

धावण्याबद्दल थोडक्यात: अशा झटक्यांनी पाय वेगळेच थकतात, म्हणून शेवटच्या किलोमीटरमध्ये हलक्या गिअरवर पाय जलद फिरव आणि डिसमाउंट लाइनपूर्वी गटात पुढे राहा, कारण तिथे सगळे एकदम उतरतात आणि मागच्याला जागा मिळत नाही.

नाशकात त्र्यंबक रस्त्यावर पहाटे जे गट फिरतात त्यांच्यात महिनाभर रोड बाइक घेऊन जा. पहिले काही दिवस मागेच राहा, आणि ब्रेक न दाबता वेग कमी करायला, म्हणजे थोडे उठून हवा अंगावर घ्यायला शीक. टीटी बाइक विकू नकोस, गोव्याला ती लागेलच. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझाच मित्र