मायक्रोसॉफ्टमध्ये आतून काय बदललं तेही लिहा

संपादक साहेब,

मायक्रोसॉफ्टचं कौतुक करताना सगळे क्लाउड नि एआयबद्दलच बोलतात, पण कंपनीच्या आत काय बदललं ते कुणी लिहीतच नाही. तिथं पूर्वी अप्रेझलमध्ये टीम कितीही भारी असली तरी काहीजणांना खालचा नंबर द्यावाच लागायचा, मग शेजारच्याला मदत कोण करणार हो? नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पद्धत बंद झाली, फेब्रुवारी २०१४ ला सत्या नडेला सीईओ झाले आणि पुढच्याच महिन्यात वर्ड-एक्सेलवालं त्यांचं ऑफिस सॉफ्टवेअर ॲपलच्या आयपॅडवर आलं, म्हणजे सगळं विंडोजसाठीच हा हट्ट सुटला, आणि २०१८ मध्ये तर विंडोजचा विभागच फोडून दोन टीममध्ये वाटला. माझ्या मते खरी स्ट्रॅटेजी हीच. आपल्याकडं अजूनही काही ठिकाणी पोरांचं अप्रेझल बेल कर्व्हवरच, म्हणजे काहीजणांना खालचा नंबर ठरलेलाच अशा पद्धतीनं होतं, त्यावर एकदा सविस्तर लिहाच.

– एक वाचक, पुणे