शत्रूच्या भुयारातला सिनेमा दाखवताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या फिल्म क्लबने क्लिंट ईस्टवूडचा 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली इवो जिमा बेटावरची लढाई जपान्यांच्या बाजूने दाखवणारा सिनेमा, लावायचं ठरवलंय आणि नंतरच्या चर्चेचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, हे कळलं. निवड उत्तम आहे. पण दिवे लागल्या लागल्या कुणीतरी उठून "युद्धात शेवटी दोन्हीकडची माणसंच मरतात" असं म्हणेल, सगळे माना डोलावतील आणि चर्चा तिथेच आटोपेल, याची मला धास्ती आहे. ते वाक्य खोटं नाही. पण तेवढ्यासाठी १४१ मिनिटं अंधारात बसायची गरज नव्हती. म्हणून हे लांबलचक पत्र.

प्रेक्षक बोलायला लागण्याआधी त्याची प्रतिक्रिया कागदावर उतरवून घे, ही पहिली गोष्ट. एकदा सभागृहात पहिला माणूस बोलला की पुढचे दहाजण त्याच्याशी सहमत तरी होतात किंवा भांडतात तरी. स्वतःला काय वाटलं होतं ते तोवर विसरून जातात. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी होते. ८० जण येणार असतील तर प्रत्येकी दोन, म्हणजे १६० चिठ्ठ्या, ४० कागद. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच क्रमांक टाक, नाव नको. नाव मागितलंस की लोक शहाण्यासारखं लिहितात. पहिली चिठ्ठी सिनेमाआधी: जपानी सैनिक म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं, एका ओळीत. दुसरी शेवटची श्रेयनामावली चालू असतानाच, अर्धे दिवे लावून. तिच्यावर तीनच प्रश्न ठेव. कुठल्या दृश्याला नजर फिरवलीत? कुणाचं सर्वांत जास्त वाईट वाटलं? आणि या सिनेमाने काय दाखवलं नाही असं वाटतं? "सिनेमा आवडला का" हा प्रश्न चुकूनही नको. त्याचं उत्तर 'हो' येतं आणि त्या 'हो'चं पुढे काहीच करता येत नाही.

दोघा मुलांना पुढच्या कोपऱ्यांत पडद्याकडे पाठ करून बसव. त्यांनी सिनेमा आधी बघितलेला असावा. सिनेमा सुरू होताना घड्याळ लावायचं आणि लोक कधी हसले, कधी चुळबुळले, कधी मोबाइल निघाले ते मिनिटासकट टिपायचं. एकच माणूस ठेवलास तर अर्ध्या गोष्टी निसटतात. साइगो हा साधा जपानी शिपाई शौचाची बादली रिकामी करायला भुयाराबाहेर येतो ते दृश्य आठवतंय ना? त्या बादलीला कॉलेजची पोरं हमखास हसतात. तो मान वर करतो, तर समुद्र अमेरिकन जहाजांनी भरलेला. हसू किती सेकंदांत थांबलं आणि कुठल्या रांगांत थांबलंच नाही, हे चर्चेतल्या भाषणांपेक्षा जास्त सांगून जातं.

सुरुवातीची प्रस्तावना दोन मिनिटांच्या वर नको. लढाई १९ फेब्रुवारी ते २६ मार्च १९४५. बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. जपानी सुमारे २१,०००, त्यांतले लढाईच्या काळात जिवंत हाती लागले २१६. अमेरिकन मेले जवळजवळ ६,८००. एवढे आकडे आधी सांगितले की "आता जिंकणार कोण" ही उत्सुकता संपते आणि लोक माणसांकडे बघायला लागतात. ईस्टवूडने हा सिनेमा काढला त्याच वर्षी, २००६ मध्ये, याच लढाईवर अमेरिकन बाजूने 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' काढला होता, हेही सांग. दोन्ही एकाच दिवशी मात्र लावू नका. साडेचार तासांहून जास्त होतात आणि दुसऱ्याच्या वेळी लोक नुसते थकलेले असतात, त्यांची प्रतिक्रिया म्हणजे पाठदुखी. जमलं तर 'फ्लॅग्ज' आदल्या आठवड्यात घ्या. त्यातल्या डॉकचा, म्हणजे जखमींवर उपचार करणाऱ्या अमेरिकन सैनिकाचा, मित्र रात्री नाहीसा होतो आणि पुढे भुयारात त्याचं प्रेत डॉकला दिसतं. आपल्याला दिसतो तो फक्त डॉकचा चेहरा. ते पाहून आलेला प्रेक्षक आठवड्याने त्याच भुयारांत जपान्यांच्या शेजारी बसतो, तेव्हा त्याच्या चिठ्ठीचा सूर वेगळा लागतो.

आता मूळ मुद्दा. या सिनेमाने प्रेक्षकाला शत्रूच्या बाजूला नेलं म्हणजे नेमकं काय केलं, ते तुला दृश्यागणिक दाखवता आलं पाहिजे. सुरुवातीला कॅप्टन साइगोला बडवत असतो आणि नुकताच बेटावर उतरलेला सेनापती कुरिबायाशी ते थांबवतो. तिथेच जपान्यांचे दोन गट पडतात. कुरिबायाशी अमेरिकेत राहून आलेला, तिथलं पिस्तूल कमरेला लावणारा. बॅरन निशी १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीचं सुवर्णपदक मिळवलेला आणि इंग्रजी बोलणारा. साइगो बेकरीवाला, युद्धात पडायची मुळीच इच्छा नसलेला. शिमिझु एका घरातला कुत्रा मारायला तयार झाला नाही म्हणून लष्करी पोलिसांतून हाकलला गेलेला. ज्यांच्यावर आपला जीव जडतो ते सगळे एकतर अमेरिका पाहिलेले आहेत, नाहीतर जपानी सत्तेच्या नजरेतून कुचकामी. सम्राटासाठी मरायला आतुर असलेला लेफ्टनंट इतो मात्र आपल्याला नकोसा होतो. खरं म्हणजे जपानी लष्कराच्या शिकवणुकीप्रमाणे वागायला बघणारा तोच होता. दुसऱ्या चिठ्ठीत 'सर्वांत वाईट कुणाचं वाटलं' याला इतोचं नाव किती जणांनी लिहिलं ते मोज. एकही नसेल, तर प्रेक्षक शत्रूच्या बाजूला गेले की शत्रूतल्या आपल्यासारख्या माणसांच्या बाजूला, हा प्रश्न चर्चेला आपोआप मिळतो.

पकडलेल्या अमेरिकन सॅमचं दृश्यही असंच उघडून दाखव. सॅम मरतो, निशी त्याच्या आईचं पत्र जपानीत वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरतात. शिमिझु म्हणतो, माझ्या आईनेही हेच लिहिलं होतं. लोक इथे रडतात, रडू दे. पण पुढे तोच शिमिझु शरण जातो आणि पहारा देण्याचा कंटाळा आलेला अमेरिकन शिपाई त्याला आणि त्याच्या सोबत्याला गोळ्या घालतो. अमेरिकन प्रेक्षकाला ती जागा बोचते, कारण मारणारा त्याचा आहे. आपल्याकडचा प्रेक्षक हळहळतो आणि पुढे जातो, कारण मारणारा त्याचा कुणी लागत नाही. इथे सिनेमा थांबवायची गरज नाही, चर्चेत फक्त विचार: तुमच्या अंगावर काटा कधी आला असता?

मग कुणीतरी विचारेल, जपानी आपले शत्रू होतेच कुठे? या प्रश्नाला तयार राहा, कारण याचं खरं उत्तर आपल्याच माणसांपर्यंत येतं. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांविरुद्ध लढली. त्याच इंफाळ मोहिमेत आझाद हिंद सेना जपान्यांच्या बरोबर होती. म्हणजे एका घरातले दोघे भाऊ दोन बाजूंना असू शकत होते. हे सांगून थांब, त्यावर व्याख्यान नको. नाहीतर उरलेला वेळ नेताजींवर जाईल आणि इवो जिमा राहील बाजूला.

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या येतील किंवा 'नानजिंग' एवढाच शब्द येईल. चीनमधल्या त्या शहरात जपानी सैन्याने केलेल्या कत्तलीचा मुद्दा रास्त आहे, पण या पात्रांशी तो थेट जोडता येत नाही. त्यापेक्षा जवळचं एक तुझ्या हाताशी ठेव. डिसेंबर १९४१ मध्ये जपानच्या ज्या २३ व्या सैन्याने हाँगकाँग घेतलं, त्याचा चीफ ऑफ स्टाफ हाच कुरिबायाशी होता. हाँगकाँग राखणाऱ्यांत राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या पलटणी होत्या. २५ डिसेंबरला सेंट स्टीफन्स कॉलेजातल्या तात्पुरत्या इस्पितळात जपानी सैनिकांनी जखमींना आणि परिचारिकांना मारलं. त्या हत्या कुरिबायाशीच्या हुकमाने झाल्या असं मी म्हणत नाही, तसं म्हणूही नकोस. पण मुलांना चित्रं काढून पत्रं लिहिणारा बाप सिनेमाने आपल्याला दाखवला आणि त्याची ही कारकीर्द वगळली. पडद्यावरचा युद्धकाळ १९४४ ला सुरू होतो, तोवर जपान हरायला लागलेला असतो. हरणाऱ्या शत्रूवर माया करणं सोपं जातं. माझ्या मते सिनेमाची सगळ्यात कच्ची बाजू हीच, आणि तरीही तो मला मोठा वाटतो.

गल्ल्याचे आकडे कुणी फेकलेच तर सावध राहा. सिनेमाने जगभरात सुमारे ६.८ कोटी डॉलर कमावले, त्यांतले अमेरिकेतून १.३७ कोटी आणि जपानमधून ४ कोटींच्या वर. यावरून "अमेरिकनांना शत्रूची बाजू नको होती" असं म्हणायचा मोह होतो. पण सिनेमा जवळजवळ पूर्ण जपानी भाषेत, अमेरिकेत आधी मोजक्याच पडद्यांवर लागलेला. इकडे जपानमध्ये कुरिबायाशी झालेला केन वातानाबे आणि साइगो झालेला, 'आराशी' या लोकप्रिय गायक चमूतला निनोमिया यांना बघायला येणारी गर्दी वेगळीच. तिकीट फाडणं म्हणजे पटणं नव्हे.

तुलनेसाठी दोन उदाहरणं पुरेत, जास्त नकोत. 'डास बूट' हा वुल्फगांग पीटरसनचा १९८१ चा जर्मन पाणबुडीवरचा सिनेमा. पाणबुड्यांवर गेलेल्या ४०,००० जर्मनांपैकी ३०,००० परतले नाहीत, अशी पाटी सुरुवातीला येते. लॉस एंजेलिसच्या खेळाला त्या पाटीवर टाळ्या पडल्या आणि शेवटी तोच प्रेक्षक उभा राहिला, असं पीटरसन सांगत असे. उलट ज्याच्या कादंबरीवरून तो काढला तो बुखहाइम, जो स्वतः पाणबुडीवर गेला होता, सिनेमावर नाराज होता. दुसरं उदाहरण 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', १९३०. तिथे जर्मन सैनिक अमेरिकन नट झाले होते, इंग्रजी बोलत होते. अमेरिकेने त्याला ऑस्कर दिलं. बर्लिनला मात्र डिसेंबर १९३० मध्ये नाझी पुढारी गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाणेरड्या वासाचे बाँब फोडले आणि ११ डिसेंबरला सिनेमावर बंदी आली. परक्याने आपल्या सैनिकाला हताश दाखवलेलं त्यांना सोसलं नाही. "उद्या कुणी पलीकडून कारगिल दाखवलं तर?" हा प्रश्न तुमच्याकडे येणारच. तेव्हा त्या उंदरांची गोष्ट सांग आणि मुलांना बोलू दे. फक्त हा प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांच्या आधी घेऊ नकोस, त्यानंतर दुसरं काहीच चालत नाही.

चिठ्ठ्या गोळा झाल्या की पाचेक मिनिटं चहाला सोडा. तेवढ्यात तुम्ही दोघी-तिघींनी त्यांची वर्गवारी करायची: दृश्याचं नाव घेणाऱ्या एकीकडे, नुसतं मत देणाऱ्या दुसरीकडे. चर्चा दृश्याच्या चिठ्ठीपासून सुरू करा आणि ती वाचणारी तू नसावीस. सूत्रधाराने वाचली की तिला अधिकृत मताचं वजन येतं. माइक माणसाच्या हाती देऊ नका, धरून उभ्या राहा. भाषण लांबलं तर "कुठलं दृश्य?" एवढंच विचार. बहुतेक भाषणं तिथे थांबतात.

आता यंत्रणेचं. सिनेमाचे रंग मुद्दाम धुऊन टाकलेले आहेत, भुयारांत तर जवळजवळ काळंपांढरं. प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल किंवा खिडकीच्या फटीतून उजेड येत असेल तर भुयारातले चेहरे नुसते डाग दिसतात, आणि मग लोक "कोण कोण ते कळलंच नाही" लिहितात. पडदे दुहेरी लावा. उपशीर्षकं शेवटच्या रांगेतून वाचता येतात का ते आदल्या दिवशी स्वतः बसून बघ. पुढच्या माणसाचं डोकं आड येत असेल तर पडदा हातभर वर घ्यायला सांग. ऑस्कर याला ध्वनिसंपादनासाठी मिळालंय. डोक्यावर बाँब पडतात आणि भुयाराची माती गळते त्या जागेला स्पीकर फुटतात का ते पूर्ण आवाजात तपास. मध्यंतर टाळता आलं तर उत्तम. घ्यावंच लागलं तर आरमार दिसल्यावर लगेच घ्या, भुयारात शिरल्यावर अजिबात नको. आणि सार्वजनिक खेळाची लेखी परवानगी आधी मिळवा. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात लावणं चालत नाही, ऐनवेळी कुणी हरकत घेतली तर सगळा खेळ रद्द होईल.

पाचला सुरू केलंत तर सव्वासात-साडेसातला संपेल. वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं ते बघून चर्चेची वेळ ठरव आणि ती पत्रकावर छाप, म्हणजे मुली मध्येच उठून जाणार नाहीत. चिठ्ठ्या टाकून देऊ नकोस, क्रमांकांच्या जोड्या लावून ठेव. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, आपण बसून बघू.

तुझी,
आई

ता. क. पेन्सिली शंभर घ्या. पेनं परत येत नाहीत.