केल्पची जंगले आणि पाणमांजराची अर्धी गोष्ट

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

केल्प या उंच वाढणाऱ्या समुद्री शैवालाच्या जंगलांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते. फरच्या व्यापाऱ्यांनी सागरी पाणमांजरांची कत्तल केली, त्यांचे भक्ष्य असलेले सी अर्चिन हे काटेरी, गोल कवचाचे प्राणी बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्प फस्त केले. १९११च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकारीला आळा बसला, पाणमांजरे परतली आणि त्यांच्यामागोमाग जंगलही परतले. ही गोष्ट खोटी नाही. जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो या शास्त्रज्ञांनी १९७४ साली अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरून दाखवून दिले होते, की पाणमांजरे भरपूर असलेल्या अमचिटका बेटाभोवती केल्प दाट आहे, तर ती नसलेल्या शेमिया बेटाभोवतीचा तळ अर्चिनांनी पार बोडका केला आहे. अन्नसाखळी शिकवताना हा दाखला दिला जातो, तोही योग्यच आहे. माझी हरकत आहे ती हीच गोष्ट उचलून उत्तर कॅलिफोर्नियाला जशीच्या तशी चिकटवण्याला.

सोनोमा आणि मेंडोसिनो या परगण्यांच्या किनाऱ्यावरचे नव्वद टक्क्यांहून अधिक बुल केल्प (तिथली केल्पची मुख्य जात) २०१४ नंतरच्या काही वर्षांत नाहीसे झाले. मात्र पाणमांजरे या किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकातच संपली होती आणि ती आजही तेथे परतलेली नाहीत. म्हणजे पाणमांजरांशिवायही हे जंगल शंभराहून अधिक वर्षे उभे होते. त्या काळात अर्चिनांना वचक होता तो प्रामुख्याने सूर्यफूल तारामाशाचा. चोवीसपर्यंत बाहू असलेला, मीटरभर रुंद होणारा हा शिकारी तळावरून सरकू लागला, की अर्चिन वाट सोडून पळतात. २०१३ साली तारामाशांमध्ये बाहू गळून पडण्याच्या रोगाची साथ आली आणि हा प्राणी कॅलिफोर्नियातून जवळजवळ नामशेष झाला. त्यापाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात प्रशांत महासागराचे पाणी असाधारण तापले. केल्पला थंड आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी लागते. ते न मिळाल्याने त्याची वाढ खुंटली, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला खाणाऱ्यांवरचा पहारा उठला होता.

या वृत्तांतात अर्चिनाला सरसकट खलनायक ठरवले जाते, तेही मला पटत नाही. जंगल धडधाकट असते तेव्हा जांभळे अर्चिन खडकांच्या खाचांत बसून असतात आणि लाटांबरोबर वाहत येणारी केल्पची तुटकी पाने पकडून खातात. उभ्या केल्पकडे जाण्याची त्यांना गरजच पडत नाही. ही गळालेली पाने मिळेनाशी झाली, शिवाय शिकारी उरला नाही, की मगच ते खाचांतून बाहेर पडून उघड्यावर चरू लागतात. पाच दातांच्या जबड्याने ते केल्पचा दांडा बुंध्याशी कुरतडतात आणि वीस मीटर उंचीचे सगळे झाड सुटून वाहून जाते, त्यातले त्यांच्या तोंडी जेमतेम काही लागते. बुल केल्पचे आयुष्य एका वर्षाचे. त्यामुळे दर वसंतात नव्याने उगवणारी बोटभर रोपे खुडली गेली, की त्या वर्षीचे जंगल संपलेच म्हणायचे.

त्याहून बिकट म्हणजे सगळे खाऊन संपल्यावरही अर्चिन मरत नाहीत. वर्षानुवर्षे उपाशी राहून ते तग धरतात, कवचाच्या आत जवळजवळ काहीच उरलेले नसते, तरी उगवणारा प्रत्येक कोंब खायला हजर असतात. असे पोकळ अर्चिन बाजारात कोणी विकत घेत नाही. तेच केल्प खाऊन जगणाऱ्या लाल ॲबलोनी या मोठ्या समुद्री गोगलगायींची मात्र उपासमार झाली आणि २०१८ पासून त्यांची हौशी मासेमारीही बंद करावी लागली.

पाणमांजरांकडून ठेवलेली अपेक्षा येथेच अडते. दक्षिणेकडे माँटेरेच्या उपसागरात पाणमांजरे आहेत आणि अर्चिन वाढल्यावर त्यांनी ते अधिक प्रमाणात खाल्लेही. मात्र २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ती उरल्यासुरल्या केल्पमधले भरलेले अर्चिन निवडून खातात आणि ओसाड तळावरच्या पोकळ अर्चिनांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अंगावर चरबीचा थर नसल्याने रोज वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश अन्न लागणाऱ्या प्राण्याने रिकामे कवच फोडण्यात वेळ घालवावा तरी का? तात्पर्य, उभे जंगल राखण्याचे काम पाणमांजर करते. उजाड झालेला तळ पुन्हा हिरवा करणे त्याच्या हातात नाही.

अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या किनाऱ्यावर पाणमांजरे पुन्हा सोडणे शक्य असल्याचा निर्वाळा २०२२ साली दिला आहे. त्या दिशेने पावले पडली, तर त्याच्या बातम्या आपल्याकडेही येतील. त्या देताना पाणबुडे हातोड्याने अर्चिन फोडून तळ मोकळा करतात ते कष्टाचे काम, सूर्यफूल तारामाशांची प्रयोगशाळेत चाललेली पैदास आणि त्यांच्या रोगामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू असल्याचा २०२५ साली लागलेला छडा, यांनाही चार ओळी मिळाव्यात, एवढीच विनंती.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
रत्नागिरी